बीसीएम गेला: नवा घ्यायचा, जुना बसवायचा की आहे तोच दुरुस्त करायचा?

इंडिकेटर दिला की वायपर फिरतो, उभ्या गाडीचं लॉक आपोआप उघडतं, रात्रभर केबिनचा दिवा विझत नाही. ‘गाडीले भूत लागनं’ म्हणत माणूस गॅरेजला येतो आणि स्कॅनर लावून झाला की त्याच्या कानावर तीन अक्षरं पडतात: बीसीएम. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. काचा, लॉक, दिवे, हॉर्न, वायपर यांचा कारभार या डब्याकडे असतो. बऱ्याच गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझरही त्याच्याच पोटात. यानंतर प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो पार्टच्या किमतीचा. माझ्या मते पहिला प्रश्न कोडिंगचा हवा, म्हणजे बसवलेल्या डब्याला तुमची गाडी आणि चाव्या ओळखायला शिकवण्याचा: ते कोण करणार, कुठे करणार आणि फसलं तर जबाबदारी कोणाची?

त्याच्याही आधी बीसीएम खरंच गेलाय याचा पुरावा मागा. स्कॅनरवर ‘यू०१४०’ कोड आला म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही, एवढंच कळतं. तो मेलाय की त्याचा सप्लाय तुटलाय, हे मल्टिमीटर सांगतो. चार्ज झालेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग बीसीएमचे फ्यूज आणि अर्थिंग. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर बहुतेक गाड्यांत ६० ओहम यायला हवा. १२० आला तर कॅन वायरिंग, म्हणजे मॉड्यूलना आपसात बोलायला जोडणाऱ्या दोन तारा, कुठेतरी तुटलंय, आणि त्यात नवा बीसीएम काही करू शकत नाही. बाहेरून हॉर्न, एलईडी किंवा रिमोट लॉक बसवताना कुठली वायर सोलून जोड मारलाय, तेही बघायला सांगा. उंदरांचं तर विचारूच नका.

आपल्याकडे खानदेशात आणखी एक कारण हमखास सापडतं. उन्हाळ्यात सावली हवी म्हणून आपण गाडी निंबाखाली लावतो. पानं वायपरखालच्या जाळीत साचतात, पाणी निघायची वाट बुजते आणि जूनच्या पहिल्या दणक्यात काही गाड्यांत ते पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं. बीसीएमचा कपलर (वायरींचा जोड) काढला की पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. तो नुसता पिनांवरच असेल तर साफसफाईवर काम निभावू शकतं. थर आत बोर्डावर पोचला असेल तर मात्र पुढचे तीन रस्ते.

नवा बीसीएम, शोरूममधून. सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी कटकटीचा. चासी नंबरवरून बरोबर पार्ट नंबर निघतो, कंपनीच्या स्कॅनरवर व्हेरियंट भरलं जातं, चाव्या शिकवल्या जातात. दोन्ही चाव्या सोबत न्या. घरी राहिलेली चावी नंतर परकी ठरू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी बहुतेक भागांवर २८ होता, त्यामुळे एखाद्याने जुन्या बिलावरून सांगितलेला आकडा धरून बसू नका. अडचण वेळेची: पार्ट स्टॉकला नसेल तर ऑर्डर जाते आणि गाडी उभी राहते. शिवाय इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की सहसा परत घेत नाहीत. म्हणजे निदान चुकलं तर भुर्दंड तुमचाच. गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच नको. बाहेर डबा उघडला की दावा गेला. विम्याच्या भरवशावरही राहू नका. साधा इलेक्ट्रिकल बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

जुना बीसीएम, भंगारातल्या गाडीतून. मुंबईला कुर्ल्याकडून किंवा कुरिअरने मागवून. पार्ट स्वस्त पडतो, पण खरा खेळ इथेच सुरू होतो. वरून हुबेहूब दिसणारे दोन डबे आतून वेगळे असतात: एकाला मागचा वायपर माहीत असतो, दुसऱ्याला नसतो. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. जुळला तरी तो डबा दुसऱ्या गाडीच्या चासी नंबरशी आणि चाव्यांशी बांधलेला असतो, आणि अनेक गाड्यांत कंपनीचा स्कॅनर तो स्वीकारत नाही. मग तुमच्या मूळ बोर्डावरच्या मेमरी चिपमधला डेटा वाचून भंगारातल्या डब्यावर उतरवावा लागतो, म्हणजे क्लोनिंग. हे ज्याला येतं तो आधी तुमचा डेटा काढून सेव्ह करतो आणि मगच दुसऱ्या डब्याला हात लावतो. ‘आधी बसवून बघू’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत न्या. काही गाड्यांत किलोमीटरची नोंदही बीसीएममध्ये असते, तीही विचारून घ्या. आणि बिल नसलेला पार्ट घेऊ नका. तो चोरीच्या गाडीतला नाही हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

दुरुस्ती. याकडे लोक उगाच नाक मुरडतात. एकच काम बंद असेल, म्हणजे फक्त काचा किंवा फक्त एका बाजूचे इंडिकेटर, तर बोर्डावर सोल्डर केलेला एखादा रिले किंवा ड्रायव्हर आयसी (ते काम चालू-बंद करणारी चिप) गेलेला असण्याची शक्यता मोठी. भिंगाखाली रिलेच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ पार करतो, बंद केबिन त्याहून तापते आणि एसी लावला की झपाट्याने गार होते; अशा ताण-सैलीने सोल्डरचे टाके सुटतात. नवा टाका घातला की काम झालं, डेटा तोच, चाव्या त्याच, कोडिंगचा प्रश्नच नाही. मात्र पाण्याने बोर्डाचे ट्रॅक खाल्ले असतील किंवा प्रोसेसरच उडाला असेल तर दुरुस्ती टिकत नाही. काम करणाऱ्याने बोर्ड उघडून दाखवायला हवा. मोबाइलवर फोटो पाठवला तरी पुरे.

आता अंतराचं. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्याला शोरूम आणि बाहेरचा जाणकार दोन्ही हाताशी असतात. तळोदा, अक्कलकुवा किंवा रावेरकडच्या गाडीला चावी ओळखत नसेल तर ती चालवत नेता येत नाही, टोइंगचा खर्च थेट तुमच्या गणितात येतो. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत, ते फोन लावण्याआधी बघा. गाडी चालू होत असेल आणि बिघाड एकाच कामाचा असेल तर डबा काढून फक्त डबाच दुरुस्तीला पाठवण्याचा मोह होतो. बहुतेक गाड्यांत तो नसला की गाडी जागची हलत नाही, हे धरून चाला.

मला विचाराल तर: इमोबिलायझर बीसीएममध्येच आणि गाडी रोजच्या धंद्याची, तर नवा. आठ-दहा वर्षांची गाडी, एखादंच काम बंद, बोर्ड कोरडा, तर दुरुस्ती. जुना पार्ट मी तिसऱ्या नंबरला ठेवतो. नवा मिळतच नसेल आणि क्लोनिंग करणारा माणूस खात्रीचा असेल, तेव्हाच.

काहीही ठरवा, अंदाजपत्रकात पार्ट, बसवण्याची मजुरी आणि कोडिंग असे तीन वेगळे आकडे लिहून घ्या. ‘सगळं मिळून’ या आकड्यात कोडिंग राहून जातं. काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडून काही मिनिटं थांबायला सांगा, एअरबॅगची वायरिंग जवळच असते. कोडिंगच्या वेळी बॅटरीला चार्जर किंवा सपोर्ट सप्लाय लावलेला हवा, अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर नवा डबाही निकामी होऊ शकतो. आणि गाडीतून काढलेला मूळ बीसीएम दुकानात सोडून येऊ नका. कोडिंग महिन्याभराने बिघडलं तर तुमच्या चाव्यांचा डेटा त्यातूनच काढावा लागेल.