पाव डॉलर वाचवणारी सही

अमेरिकेचा सहावा अध्यक्ष असलेल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सची सही घ्यायची असेल तर कापलेली सुटी सही अजिबात घेऊ नका, पत्त्याची बाजू असलेला अख्खा कागद घ्या. हे मला ज्या विक्रेत्याने पटवलं त्याच्याबद्दल लिहितोय. पेनसिल्व्हेनियातला म्हातारा माणूस, घरातूनच धंदा करतो, म्हणून नाव-पत्ता इथे टाकत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने जाण्यासारखं अंतर आहे.

थोडं आधीचं सांगतो. अमेरिकेत 1847 पर्यंत सरकारी तिकिटंच नव्हती. टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा, आणि बहुतेकदा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडायचा. 1845 च्या आधी चारशे मैलांपलीकडे एका कागदाला 25 सेंट! पाकीट घातलं की तोही एक कागद धरत, म्हणून लोक पत्रच घडी घालून लाखेने बंद करत आणि बाहेर पत्ता लिहीत. काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य, अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष यांना मात्र पैसे पडत नसत. पत्त्याच्या बाजूला कोपऱ्यात स्वतः सही केली की झालं. त्यालाच संग्राहक 'फ्री फ्रँक' म्हणतात. बेंजामिन फ्रँकलिन तर 'बी. फ्री फ्रँकलिन' अशी सही करायचा. 1873 मध्ये काँग्रेसने ही सवलत काढून घेतली (नंतर सदस्यांना ती परत मिळालीच, राजकारणीच ते).

वॉशिंग्टन, जेफरसन यांच्या सहीचे कागद माझ्या खिशाबाहेरचे. अ‍ॅडम्स परवडतो, आणि त्याला कारण आहे. अध्यक्षपद संपल्यावर हा गृहस्थ घरी बसला नाही. 1831 पासून 1848 मध्ये मरेपर्यंत प्रतिनिधीगृहात होता, गुलामगिरीविरोधी अर्जांचे गठ्ठे सभागृहात मांडत होता. टपाल भरपूर, म्हणून सह्याही भरपूर.

मी घेतलेला कागद बॉस्टनच्या एका वकिलाच्या नावे आहे. वर उजवीकडे 'जे. क्यू. अ‍ॅडम्स', डावीकडे वॉशिंग्टन शहराचा लाल गोल टपालशिक्का, शेजारी 'फ्री'चा ठसा. शिक्क्यात तारीख आहे, साल नाही. साल कळतं ते वकिलाने कडेला उभं खरडून ठेवलेल्या नोंदीवरून, 1838. सही किंचित डगमगते. उतारवयात त्याचा हात थरथरायचा, तेव्हा फार गुळगुळीत सही दिसली तर मीच दचकलो असतो. शाई तपकिरी पडली आहे आणि रेषेच्या कडेने कागदात मुरली आहे. लाखेच्या जागी, कागद उघडताना फाटून, नखाएवढं भोक पडलंय.

म्हाताऱ्याने हे भोक वर्णनात आधीच लिहिलं होतं. डाग, मागून चिकटवलेली पट्टी, सगळंच. मी विचारलं, खरी कशावरून? त्याने भिंग हातात दिलं आणि नंतर कधीतरी फायलीत ठेवताना पडलेली घडी दाखवली. शाईची रेष त्या घडीवरून जाते, पण घडीत पसरलेली नाही. म्हणजे आधी लिहिलं, मग दुमडलं. जुन्या दुमडलेल्या कागदावर आज कुणी सही केली तर मोडलेल्या तंतूंत शाई फुटते. पेनसिल्व्हेनियातल्याच फिलाडेल्फियात एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंग नावाचा पुस्तकविक्रेता जुन्या पुस्तकांतली कोरी पानं काढून त्यांवर वॉशिंग्टनच्या सह्या ठोकून विकायचा, त्यामुळे 'कागद जुना आहे' हा पुरावाच नव्हे. आणखी एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली: सदस्यांच्या वतीने कधी कधी कारकून किंवा घरचेही सही करत, तेव्हा पत्ता आणि सही एकाच हातची आहे का ते आधी बघायचं. माझ्या कागदावर दोन्हींचं अक्षर एक आहे.

किंमत साडेतीनशे डॉलर पडली. माझ्या कागदावर पत्राचा मजकूर नाही, फक्त पत्ता आणि सही; आतलं पत्र असतं तर गोष्ट हजारांत गेली असती. दुसरीकडे एका ऑनलाइन विक्रेत्याकडे चौकटीत बसवलेली, चिमटीएवढी कापलेली सही यापेक्षा महाग होती. सोबत चकचकीत प्रमाणपत्र, पण मागची बाजू दाखवायची तयारी नाही. चौकट उघडू देत नसेल त्याच्याकडून घेऊच नये.

तक्रारी आहेत. ईमेलला उत्तर यायला आठवडा लागतो, कार्ड चालत नाही, चेकच द्यावा लागतो. प्लॅस्टिकचं आवरण दिलं ते आम्लमुक्त नव्हतं बहुतेक, घरी आल्यावर मी ते काढून मायलारचं (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं) आवरण घातलं. एवढ्या जाणत्या माणसाने ते करायला नको होतं. पण महिनाभरात परत घेण्याची हमी पावतीवर स्वतःच्या हाताने लिहून देतो, आणि वेळेची मर्यादा न घालता 'खोटी निघाली तर पैसे परत' असंही. पाचपैकी चार. पुढच्या वेळी केंटकीचा सिनेटर हेन्री क्ले याची सही विचारणार आहे, म्हातारा आपल्याकडे दोन आहेत म्हणाला.