सँटोरिनी क्रूझ स्टॉप रिव्ह्यू: बोटवाल्यांना ५ पैकी ५, वर-खाली जायच्या व्यवस्थेला २

ग्रीसच्या क्रूझमध्ये सँटोरिनी आहे म्हणून डोळे मिटून बुकिंग करणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. जहाजातल्या रूमचे, जेवणाचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात पण जहाजातून बेटावर उतरायचं कसं आणि परत यायचं कसं यावर कोणी धड लिहीत नाही, आणि सँटोरिनीत तुमचा दिवस फिरण्यात जाणार का रांगेत जाणार हे अख्खं त्याच्यावरच ठरतं.

तर पहिलं म्हणजे इथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. रोड्स या दुसऱ्या ग्रीक बेटावर कसं, जहाजातून उतरलं की चालत चालत जुन्या शहराच्या तटबंदीपाशी पोचतो, तसं इथे काहीच नाही. हे बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचा काठ आहे, साधारण ३,६०० वर्षांपूर्वी जो प्रचंड स्फोट झाला त्यात मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. त्यामुळे कडा सरळसोट पाण्यात उतरतो आणि आत खोली काही ठिकाणी ४०० मीटरच्या जवळपास आहे, नांगर टाकणार कुठे? काही जहाजं ‘फिरा’ या इथल्या मुख्य गावाच्या खाली बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांना) बांधतात, बाकीची इंजिन आणि थ्रस्टर (जहाज बाजूला ढकलणारे पंखे) चालू ठेवून एका जागी तरंगत राहतात. ‘सी डायमंड’ नावाचं क्रूझ जहाज ५ एप्रिल २००७ ला इथेच खडकावर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं, दोन प्रवासी सापडलेच नाहीत, ते जहाज अजून तिथेच तळाशी पडलंय. हे माहीत असलं की वारा वाढल्यावर कॅप्टनने स्टॉप रद्द केला तर राग येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, तेव्हा ही शक्यता धरूनच चला.

आता बोटी. बऱ्याच बंदरांत जहाजाच्या स्वतःच्या लाईफबोटी खाली सोडून त्यातून माणसं किनाऱ्यावर नेतात, तेच टेंडरिंग. सँटोरिनीत मात्र हे काम स्थानिक बोटवाले करतात, त्यांची संघटना आहे आणि बोटीही त्यांच्याच, जहाजाच्या बोटींपेक्षा ऐसपैस आणि मोकळ्या. या माणसांना माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. जहाजाच्या कुशीत पाण्यालगत एक दार उघडतात, तिथे कार्ड स्कॅन झालं की समोर बोट, आणि ती बोट एका जागी नसते, एका लाटेला फूटभर वर येते नि लगेच खाली जाते. सासूबाई दारात थबकल्या. तर तो बोटवाला हात पकडत नाही, कोपराच्या खाली दोन्ही बाजूंनी धरतो, आणि थांबवून ठेवतो. एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, बोट वर येऊन दाराच्या लेव्हलला आली त्या क्षणाला ‘नाऊ!’ म्हणाला आणि त्या आत. मागे एवढी गर्दी उभी होती पण त्याने कणभरही घाई केली नाही. दिवसभर हजारो माणसं अशी एकेक करून उतरवायची आणि प्रत्येकाला तेवढाच वेळ द्यायचा, खरंच हॅट्स ऑफ.

पण हे पण सांगते, ज्यांना स्वतःच्या पायाने ते एक पाऊल टाकता येत नाही त्यांच्यासाठी हा स्टॉप अवघड आहे. इलेक्ट्रिक व्हीलचेअर वगैरे साधारणपणे टेंडरमध्ये घेतच नाहीत. बुकिंगच्या आधी कंपनीला लेखी विचारा, फोनवरचं ‘हो हो होईल’ धरू नका.

आमच्या जहाजाची (नाव घेत नाही) टेंडर नंबर वाटायची पद्धत मात्र अगदीच ढिसाळ होती. लाऊंजमध्ये जाऊन नंबर घ्यायचा, मग नंबर पुकारेपर्यंत बसायचं, पण आधी महागड्या स्वीटवाले (मोठ्या आलिशान रूमवाले), मग जुने मेंबर, मग जहाजाची टूर घेतलेले, आणि साध्या प्रवाशांना किती वेळ लागेल हे कोणीच सांगत नव्हतं. प्रायोरिटी असू दे हो, पण अंदाज तरी द्या ना! लहान मुलं कंटाळून रडायला लागलेली.

खरी गंमत पुढे आहे आणि ही गोष्ट जाण्याआधी समजून घ्या. जहाजाची टूर घेणाऱ्यांना बोट बहुतेक वेळा अथिनिओस बंदरात सोडते, तिथे फेरी लागतात, तिथून बस वळणावळणाच्या रस्त्याने वर नेते. स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांना सोडतात फिराच्या खाली जुन्या बंदरात, तिथे रस्ताच नाही. वर जायला तीन पर्याय, केबल कार, पायऱ्या नाहीतर खेचर. केबल कारच्या एका फेरीत सहा डबे, डब्यात सहा माणसं, म्हणजे ३६. आणि एक बोट शंभरएक माणसं आणून ओतते, पाठोपाठ दुसरी बोट, शेजारच्या जहाजाची तिसरी. रांग कशी लागते ते तुम्हीच बघा. वर जायला खरं तर मोजून तीनेक मिनिटं लागतात, काळा-लाल कडा आणि खाली निळंशार पाणी, सुंदरच आहे, पण त्या तीन मिनिटांसाठी तास-तासभर उन्हात.

आणि संध्याकाळी तर टूरवाले पण जुन्या बंदरातूनच जहाजावर परततात, म्हणजे सकाळी दोन ठिकाणी वाटलेली गर्दी परतताना एकाच रांगेत. म्हणून शेवटच्या टेंडरची वेळ बघून मागे हिशोब करत बसू नका, निदान दोन तास आधी फिरात या. उतरताना पायऱ्या बऱ्या, सहाशेच्या आसपास आहेत, पण दगड घासून गुळगुळीत झालेत आणि त्याच वाटेवर खेचरं आणि त्यांचं शेण, चांगले बूट असले तरच. खेचरावर बसू नका प्लीज. ग्रीसमध्ये २०१८ पासून नियम आहे की १०० किलो किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही, आणि भर उन्हात त्यांना चढताना बघितल्यावर माझं तर मनच होईना.

आम्हाला आवडलेला पर्याय म्हणजे जुन्या बंदराच्या धक्क्यावरच ‘इया’ या बेटाच्या उत्तर टोकाच्या गावाला जाणाऱ्या छोट्या बोटीची तिकिटं मिळतात, बोटीने इयाच्या खालपर्यंत, तिथून बसने वर, आणि नंतर बसने फिरा. थोडे जास्त पैसे जातात पण सकाळची केबल कारची रांग पूर्ण टळते आणि गर्दी व्हायच्या आत इया बघून होतं. इयाचा सूर्यास्त मात्र क्रूझवाल्यांनी डोक्यातून काढा, जहाज रात्री उशिरा निघणार असेल तरच.

२०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीय, आणि जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो क्रूझ फी आहे, एप्रिल, मे, ऑक्टोबरला १२. मला फी द्यायला काही वाटत नाही, एवढंसं बेट आहे, पाणी-कचरा सगळ्याचा ताण तिथल्या लोकांवरच येतो. फक्त त्या पैशातून खाली बंदरात सावली आणि जास्तीचे टॉयलेट करा, म्हातारी माणसं उन्हात उभी असतात हो.

जायचंच असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरची सेलिंग घ्या, आणि पैसे भरण्याआधी त्या तारखेला तिथे अजून किती जहाजं आहेत ते ऑनलाईन वेळापत्रकात बघा. एक-दोन असतील तर बिनधास्त जा. चार-पाच दिसली आणि सोबत वयस्कर मंडळी असतील तर जहाजाचीच टूर घ्या, महाग पडते पण निदान वर जायला बस मिळते आणि परतायला उशीर झाला तर जहाज टूरवाल्यांसाठी थांबतं.