वन एन ४००७: पाकिटातला आणि काउंटरवरचा

जून लागला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर टीव्ही मागे पडतात आणि तणनाशक मारायचे बॅटरी पंप येतात. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, सगळीकडून. पंप बहुतेक ठणठणीत असतो, गेलेला असतो चार्जर. उघडलं की आत एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, संपलं. डायोड करंट एकाच दिशेनं जाऊ देतो, चार मिळून एसीचं डीसी करतात. त्यामुळे वन एन ४००७ नंबरचे डायोड मला भाजीत मिठासारखे लागतात. यंदा स्वस्त मिळाले म्हणून शंभराचं पाकीट ऑनलाइन मागवलं आणि तिथंच फसलो.

पहिल्या आठवड्यात तीन चार्जर परत आले. एकात डायोड शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा घुमत होता. "दादा, नवीनच टाकलता न्हवं?" पंपवाले आप्पा एवढंच म्हणाले, पण लागलं मला.

मग जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. सांगलीतून आणलेल्या ४००७ चा पाय पाऊण मिलिमीटर, पाकिटातल्याचा जेमतेम अर्धा. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर मात्र दोघंही तेच आकडे दाखवतात, त्यावर जाऊ नका. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब डायोडमधून पेटवा. म्हणजे पाऊण अँपियरच्या आसपास करंट जातो. चांगल्या डायोडच्या दोन पायांत ०.९ व्होल्टच्या आसपास खर्ची पडले, पाकिटातला एकच्या वर गेला आणि मिनिटभरात बोट ठेववेना. पाय चुंबकाला चिकटतात का हेही पाहिलं, चिकटले. पण काही चांगल्या मालाचेही चिकटतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नये. डायोडची उष्णता पायांतूनच बाहेर पडते, पाय बारीक म्हणजे ती कोंडणार.

सांगलीतल्या ज्या काउंटरवरून मी वर्षानुवर्षे घेतो, तिथले काका सुट्टे दहासुद्धा पट्टीतून कापून देतात. ४००१ मागितला तरी ४००७ च हातात येतो. राग मानायचं कारण नाही. फरक उलट दिशेनं किती व्होल्ट सोसतो एवढाच: ४००१ ला ५० व्होल्ट, ४००४ ला ४००, ४००७ ला १०००, करंट सगळ्यांना एकच अँपियर. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर १७ व्होल्टच, ४००१ सुद्धा पुरतो. दरात फरक पडत नाही तर एकच नंबर ठेवलेला बरा.

पण काका आधी विचारतात, "कशाला पाहिजे?" फवारणी पंप म्हटलं की ५४०८, म्हणजे तीन अँपियरचा डायोड, काढतात. मी आधी हसायचो. चार्जर दीड अँपियरचा, ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर पाऊण येतो, कागदावर ४००७ चालतो. पण चार्जरचा डबा बंद, भोक एकही नाही, आणि तो ठेवलेला पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं डायोड तापतो, म्हणून तीन अँपियरचाच हवा. एकच कटकट, ५४०८ चे पाय जाड, सर्किटच्या प्लेटची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात. बसवताना अंग प्लेटपासून थोडं उचलून ठेवा, खालून हवा खेळते.

आणखी एक. हलक्या एसएमपीएस चार्जरच्या (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगानं चालू-बंद होणारं सर्किट असलेल्या) आउटपुटला ४००७ घालू नका. घरच्या विजेच्या पन्नास हर्ट्झला तो ठीक, तिथल्या वेगाला पुरत नाही, नुसता तापतो. तिकडे शॉटकी किंवा फास्ट रिकव्हरी, म्हणजे वेगानं बंद होणारा डायोड बघा.

पाकिटातले ऐंशी-एक उरलेत, फेकले नाहीत. रिलेच्या कॉइलवर, ती बंद होताना येणारा उलटा झटका जिरवायला, उलटे लावायला चालतात.