उपग्रह की आर्गो? समुद्राचा ताप मोजायचा कुणी?
बेळगावला समुद्र नाही, पण गोवा-कारवारचा बांगडा घाट चढून आपल्या बाजारात येतो. म्हणजे अरबी समुद्राला ताप आला की झळ आपल्याही ताटाला. पाण्याचं तापमान त्या जागी, त्या दिवसांत दिसणाऱ्या सर्वाधिक 10 टक्क्यांत सलग किमान 5 दिवस राहिलं, तर शास्त्रज्ञ त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात.

उपग्रह रोज बघतो, सगळीकडे बघतो. पण त्याला दिसते ती वरची कातडी. पावसाळी ढगांपुढे अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा आंधळा; सूक्ष्मलहरी ढग भेदतात खऱ्या, किनाऱ्यालगत मात्र गडबडतात. आणि ताप न सोसणारे प्रवाळ नेमके तिथेच!

आर्गो ही समुद्रात सोडलेली माणसाएवढी नळी. बाहेरच्या पिशवीत तेल ढकललं की वर, आत ओढलं की खाली. 2000 मीटरवरून वर येताना ती तापमान आणि क्षारता टिपते. उपग्रहाला न दिसणारी खालची ऊब हिलाच सापडते. फेरी साधारण 10 दिवसांची, त्यामुळे छोटी लाट मधल्यामधे निसटते.

झटपट इशाऱ्याला मी उपग्रहच निवडेन. ऊब किती खोल मुरली हे कळायला आर्गो. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाच्या उथळ पाण्यातल्या प्रवाळांसाठी दोन्ही तोकडे, तिथे खडकालाच तापमापक बांधावा.