दहा पटीचं ट्रिपलेट भिंग: धुतलेली नाणी पकडायला घेतलं, कसं आहे ते सांगतो

चांदीचे जुने रुपये जमवणाऱ्या माणसाला धुतलेलं, म्हणजे घासून किंवा अ‍ॅसिडने चमकवलेलं नाणं ओळखायला भिंग लागतंच, मी घेतलं ते साधं घडीचं दहा पटीचं ट्रिपलेट, सोनार वापरतात तेच, काळी बॉडी, 18 एमएमची काच, हजाराच्या आत मिळालं. ऑनलाइन घ्या नाहीतर झवेरी बाजारात हत्यारांच्या दुकानात जाऊन घ्या, माल साधारण एकच.

आधी एक सांगतो, त्याच पैशात (खरं तर त्याहून स्वस्तात) "40 पट 25 एमएम" असं छापलेलं लाइटवालं भिंग मिळतं, ते घेऊ नका. सरळ हिशोब आहे, 40 पट मोठं दिसायला नाणं काचेपासून जेमतेम 6 एमएमवर धरावं लागेल, आणि 25 एमएम रुंदीच्या एवढ्या मोठ्या काचेला ते जमतच नाही. हातात घेऊन बघा, नाणं त्याच्या कितीतरी लांबून फोकस होतं, म्हणजे तो आकडा नुसता छापलेला. वर कडेला सगळं वाकडं दिसतं आणि अक्षरांना निळी-पिवळी किनार येते. ट्रिपलेटमध्ये तीन काचा चिकटवलेल्या असतात त्यामुळे कडेपर्यंत सरळ आणि स्वच्छ दिसतं, पैसे त्याचेच आहेत.

आणि तो आतला एलईडी तर आपल्या कामाला उलट नडतो. धुतलेलं नाणं ओळखायचं म्हणजे प्रकाश एका बाजूने, तिरका, एकाच बल्बचा हवा. चारी बाजूंनी पांढरा उजेड पडला की बारीक ओरखडे गायब, सगळंच छान दिसतं. मी टेबल लॅम्पला जुना पिवळा बल्ब लावलाय, खोलीतली ट्यूब बंद करतो, खाली मऊ फडकं टाकतो, नाणं कडेने धरतो आणि आधी भिंगाशिवाय नुसतं हळूहळू कलतं करून फिरवतो. अस्सल न वापरलेल्या रुपयावर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे गोल फिरतात. पॉलिश मारलेल्यावर ते फिरत नाहीत, अख्खा चेहरा एकदम चमकतो नि एकदम विझतो. अ‍ॅसिडमध्ये जास्त बुडवलेलं असेल तर पांढरंफटक पण मेलेलं दिसतं.

याच्यानंतर भिंग. दहा पटीला नाणं काचेपासून साधारण इंचभर अंतरावर येतं आणि भिंग डोळ्याला अगदी जवळ लागतं, सुरुवातीला हाताची सावली पडून वैताग येतो. शिवाय रुपया 30 एमएमच्या वरचा, तो एकावेळी पूर्ण दिसतच नाही, तुकड्यातुकड्याने बघावा लागतो, ही या भिंगाची खरी अडचण. ज्यांना जमेल त्यांनी सोबत पाच पटीचंही ठेवावं.

बघायचं काय, तर मोकळी जागा, म्हणजे राजाच्या तोंडापुढची आणि मानेमागची. तिथे एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या की फडक्याने किंवा टूथपेस्टने घासलंय. पण थांबा, टांकसाळीत साचा घासला तरी रेघा येतात, आणि त्यावरून चांगलं नाणं सोडून देणारेही आहेत. फरक असा की साच्याच्या रेघा नाण्यावर उठून येतात आणि अक्षराजवळ पोचल्या की थांबतात, घासल्याच्या रेघा खोल असतात आणि अक्षरावरून, गालावरून, मुकुटावरून बिनधास्त पार होतात. हा फरक दहा पटीला मस्त दिसतो, इथे भिंगाने पैसे वसूल केले.

दुसरी जागा म्हणजे पंचम जॉर्जचा झगा. 1911 च्या रुपयावर याच झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला म्हणून बोंबाबोंब झाली आणि 1912 पासून साचा बदलला, ती गोष्ट बहुतेकांना माहिती असते. तर नाणं घासलेलं असेल तर त्या झग्याच्या नक्षीत आणि साखळीच्या कड्यांत सुकलेली पांढरी पूड अडकलेली दिसते. आपल्याकडे घराघरात लक्ष्मीपूजनाचे राणी छाप रुपये दरवर्षी दिवाळीला रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने लखलखीत केले जातात, आजीचं काय चुकलं म्हणा, तिला पूजा करायची होती, कलेक्शन नाही. पण तोच रुपया पुढे बाजारात "यूएनसी (न वापरलेलं) आहे साहेब" म्हणून येतो. झिजलेला गाल आणि वर लख्ख पांढरा रंग, हे दोन एकत्र दिसले की समजायचं, इतकं फिरलेलं नाणं खोबणीत तरी काळपट असायलाच हवं.

कडही फिरवून बघा, बारा वाजण्याच्या जागी. हारातली कडी काढून तासलेली असली तर तिथे दाते पुसलेले असतात किंवा डाखाचा वेगळा रंग दिसतो.

तांब्याला मात्र भिंगाची फार गरज नाही. शिवराई गुलाबी-केशरी दिसली की चिंच, लिंबू नाहीतर अ‍ॅसिड लागलंय, विषय संपला. तरी "श्री राजा शिव" वाचायला भिंग कामी येतं.

पैशाचं म्हणाल तर 1940 च्या आधीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.7 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. नेहमीचा सन आणि वर धुतलेला असेल तर मी चांदीच्या भावाच्या आसपासच बोलतो. ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची प्रत ठरवायला पाठवला तरी एनजीसी, पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्या नंबर न देता "डिटेल्स" लिहून परत पाठवतात. दुर्मिळ सनाचं गणित वेगळं, तिथे धुतलेलाही घ्यावा लागतो, फक्त भाव पाडून.

प्रदर्शनात टेबलावर भिंग काढलं की काही विक्रेते तोंड वाकडं करतात, काढायचंच. "काका, जरा लाइटखाली बघू का?" म्हटल्यावर जो स्वतः लॅम्प पुढे सरकवतो त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बसतो. ऑनलाइन घेताना तर भिंग निकामीच, तिथे फोटोवर जाऊ नका, एका बल्बखाली नाणं फिरवतानाचा व्हिडिओ मागा, देत नसेल तर सोडा.

तक्रार म्हणाल तर घडीचा स्क्रू लवकर ढिला होतो, छोटा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि सोबतची रेक्झिनची डबी अगदीच भंगार, मी चष्म्याच्या केसमध्ये ठेवतो. पाचपैकी चार.