हॅन्सार्डची साइट: इमिग्रेशनवरची भाषणं क्लिपमध्ये नाही, पूर्ण वाचायची असतील तर

ब्रिटिश संसदेत कोण काय बोललं त्याचा लेखी रेकॉर्ड म्हणजे हॅन्सार्ड, आणि त्याची वेबसाइट आहे हॅन्सार्ड डॉट पार्लमेंट डॉट यूके. फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, भाषण झाल्यावर साधारण तीन तासात मजकूर वाचायला मिळतो. मी पुण्यात कॉलेजच्या मुलांना वादविवाद स्पर्धांसाठी तयार करते, डेक्कनजवळ एका हॉलमध्ये शनिवारी आमची प्रॅक्टिस असते, आणि सध्या इमिग्रेशन हा विषय सगळ्यात जास्त निघतो कारण ग्रुपमधली बरीच मुलं पुढे यूकेला मास्टर्सला जायचं ठरवून बसलीयेत, तिथला ग्रॅज्युएट रूट व्हिसा (शिक्षण संपल्यावर तिथेच राहून काम करता येतं तो) 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी 18 महिने मिळणार वगैरे गोष्टी त्यांना माझ्याआधी माहीत असतात. पण तिथले नेते काय बोलतात हे मात्र ती रीलवर बघून येतात. तीस सेकंदांची क्लिप, खाली मोठ्या अक्षरात "बोलती बंद केली", संपलं. म्हणून मी ही साइट वापरायला लागले आणि खास त्या कामासाठी ती कशी आहे तेवढंच इथे लिहितेय.

काम असं आहे की एखादा मंत्री किंवा खासदार स्वतःला आलेला वर्णद्वेषाचा अनुभव सांगतो तेव्हा नेमकं कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगतो ते बघायचं. क्लिपमध्ये अनुभव असतो, प्रश्न कापलेला असतो. हॅन्सार्डमध्ये प्रश्न तिथेच वर असतो, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो.

17 नोव्हेंबर 2025 चंच घ्या. लेबर पक्षाच्या गृहमंत्री शबाना महमूद असायलमची, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांबद्दलची, नवी धोरणं मांडत होत्या, निर्वासिताचा दर्जा तात्पुरता, दर 30 महिन्यांनी फेरतपासणी, कायमचं राहायची परवानगी पाच वर्षांऐवजी काही लोकांना 20 वर्षांनी. विरोधी बाकांवरच्या लिबरल डेमोक्रॅट्स पक्षाचे मॅक्स विल्किन्सन उठले आणि म्हणाले की देश दुभंगतोय असली भाषा वापरून तुम्ही फूट वाढवताय. त्यावर महमूद म्हणाल्या की ही फूट न दिसण्याचं नशीब माझं नाही, मला रस्त्यात दक्षिण आशियाई लोकांना देतात ती शिवी देऊन घरी परत जा म्हणतात, आणि ती शिवी त्यांनी सभागृहात जशीच्या तशी उच्चारली. क्लिप जगभर फिरली, आमच्या ग्रुपवर पण तीन जणांनी टाकली.

आता पूर्ण पान वाचलं की काय दिसतं? बाईंचा अनुभव खरा आहे, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही आणि मला तो वाचताना त्रास झाला. पण त्या जन्मल्या बर्मिंगहॅममध्ये. शिवी देणाऱ्याने त्यांचा व्हिसा तपासला नव्हता, त्याने चेहरा बघितला. मग एखाद्या सुदानी माणसाला पाचऐवजी 20 वर्षं थांबवलं तर बर्मिंगहॅमला जन्मलेल्या बाईला शिव्या मिळणं कसं थांबणार, हा दुवा कुणीतरी मांडायला हवा. तो दुवा मांडता येत नाही असं नाही. त्यांचं म्हणणं आहे की व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास उडाला की राग त्यांच्यासारख्यांवर निघतो, आणि हा युक्तिवाद लेबर पक्षात जुना आहे, 1960 च्या दशकात त्यांच्याच पक्षाचे खासदार रॉय हॅटर्सली यांनी जवळपास हेच मांडलं होतं की मर्यादा घातल्याशिवाय मिसळून जाणं अशक्य आणि मिसळून घेतल्याशिवाय मर्यादा घालणं अक्षम्य. पण हा युक्तिवाद आहे आणि युक्तिवादाला उलट उत्तर देता येतं. अनुभवाला काय उत्तर देणार? विल्किन्सन गोरे, त्यांनी अजून काही म्हटलं असतं तरी ते उद्धट दिसलं असतं. भाषेबद्दल विचारलेलं बाजूला राहिलं आणि कुणाला बोलायचा हक्क आहे यावर विषय गेला.

हे फक्त एका पक्षाचं नाही म्हणून मी मुलांना लगेच दुसरं पान उघडायला लावते, 8 जून 2020. तेव्हाच्या गृहमंत्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या प्रीती पटेल, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरची निदर्शनं चालू होती, लेबरच्या फ्लॉरेन्स एशलोमी यांनी विचारलं की कृष्णवर्णीय लोकांचं दुःख आणि संताप सरकारला समजतो का. पटेल यांनी शाळेच्या मैदानावर आपल्याला काय म्हणायचे ते सांगितलं आणि वर्णद्वेषावर समोरच्या बाकांकडून लेक्चर ऐकून घेणार नाही म्हणाल्या. नंतर लेबरच्या कृष्णवर्णीय आणि आशियाई खासदारांनी एकत्र पत्र लिहून याला आक्षेप घेतला, की स्वतःचा अनुभव वापरून तुम्ही दुसऱ्यांचा अनुभव खोडताय. इथे पण बघा, प्रश्न सरकारबद्दल होता, उत्तर मंत्र्यांच्या बालपणाबद्दल आलं. आणि याच पटेल यांनी फेब्रुवारी 2020 मध्ये रेडिओवर मान्य केलं होतं की पॉइंट्स मोजून व्हिसा द्यायच्या नव्या नियमांमध्ये त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता. ते मात्र हॅन्सार्डमध्ये नाही, कारण ते सभागृहाबाहेरचं.

ही या सेवेची पहिली मोठी मर्यादा. सभागृहात बोललं तेवढंच मिळतं. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार इनॉक पॉवेलचं 20 एप्रिल 1968 चं इमिग्रेशनविरोधी भाषण, म्हणजे या सगळ्या प्रकाराचं मूळ म्हणता येईल असं, ते बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात झालं म्हणून इथे नाही. त्यात तर अनुभव पण स्वतःचा नव्हता, एका मतदाराशी झालेलं बोलणं आणि एका पत्रातून आलेली वुल्व्हरहॅम्प्टनच्या म्हातारीची गोष्ट, रस्त्यावरची शेवटची गोरी बाई म्हणून तिला छळतात अशी, आणि पत्रकारांनी त्या वेळी शोधूनही ती बाई त्यांना सापडली नाही. पक्षाचे नेते एडवर्ड हीथने दुसऱ्या दिवशी पॉवेलला शॅडो कॅबिनेटमधून (विरोधी पक्षाच्या प्रमुख नेत्यांच्या गटातून) काढलं पण गोष्ट राहिली. तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचं ऑक्टोबर 2023 चं भाषणही पक्षाच्या परिषदेतलं, आईवडिलांना या देशात आणणारा वारा म्हणजे नुसती झुळूक होती, आता चक्रीवादळ येतंय असं त्या म्हणाल्या होत्या, तेही इथे शोधू नका.

पण मजा बघा, नाही, मजा नाही, वाईटच आहे, ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याचे, केनियातून 1968 मध्ये ब्रिटनला आले. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या केनियातल्या आशियाई लोकांना रोखायला कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट अवघ्या तीन दिवसात दोन्ही सभागृहांमधून पास झाला, गृहमंत्री होते लेबरचे जेम्स कॅलहन. ही चर्चा हॅन्सार्डमध्ये पूर्ण आहे, कारण रेकॉर्ड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा टाकलाय. ती वाचा. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यातलं कुणीही तिथल्या बाकांवर नाही, कुणाला स्वतःचा अनुभव सांगायची सोयच नाही. ते वाचल्यावर मला वाटलं की आज संसदेत असे अनुभव ऐकू येतात ही मुळात चांगली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ते ढाल म्हणून वापरले जातात तेव्हा जास्त राग येतो.

चांगलं उदाहरण पण देते. 16 एप्रिल 2018, विंडरश प्रकरण (अनेक दशकांपूर्वी कॅरिबियनमधून कायदेशीर आलेल्या लोकांना कागदपत्रं नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं ते), लेबरचे खासदार डेव्हिड लॅमी. आईवडिलांची पिढी आली ती 1948 च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टखाली नागरिक म्हणून आली, असं त्यांनी सांगितलं आणि मग सरळ आकडे मागितले, किती लोकांना ताब्यात घेतलं, किती जणांना देशाबाहेर काढलं. घरची गोष्ट आहे, भावना आहे, राग तर इतका की पानावरून जाणवतो, पण त्यात एक कायदा आहे जो कुणीही उघडून तपासू शकतो आणि एक प्रश्न आहे ज्याला उत्तर द्यावंच लागतं.

आमच्या ग्रुपमध्ये मणिपूरची एक मुलगी आहे. पुण्यात रस्त्यावर, रिक्षात, घर भाड्याने बघताना तिला काय काय ऐकावं लागतं ते तिने आम्हाला सांगितलंय. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांमुळे ईशान्येकडची मुलं पुण्यातून गुवाहाटीच्या गाड्या भरभरून निघून गेली होती हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं, तिच्या मोठ्या भावाला माहीत होतं. परप्रांतीयांच्या विषयावर स्पर्धेत बोलताना तिने विचारलं, मॅडम, माझं स्वतःचं सांगू का नको? मी म्हटलं अगं सांग, पण त्याच्या पुढचं वाक्य असं ठेव की समोरच्याला उत्तर देता येईल. तिने मग 2014 मध्ये ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवरच्या बेझबरुआ समितीने कायद्यात बदल सुचवले होते तो मुद्दा घेतला आणि त्यावर काय झालं असं समोरच्या टीमला विचारलं. लॅमींचं पान तिने आधी वाचलेलं होतं. मला तिचा खूप अभिमान वाटला.

आता साइटबद्दल उरलेलं. सर्चमध्ये नाव, तारीख, शब्द सगळं टाकता येतं, प्रत्येक वक्त्याच्या बोलण्याची वेगळी लिंक मिळते जी व्हॉट्सॲपवर टाकता येते, आणि डिव्हिजन्समध्ये, म्हणजे मतदानात, कुणी कुठल्या बाजूला मत दिलं त्याची नावं मिळतात, म्हणजे अनुभव सांगितला एक आणि बटण दाबलं भलतंच असं झालंय का ते बघता येतं (तिथे बटण नसतं, लॉबीत चालत जातात, पण कळलं ना). आपल्या लोकसभेची डिबेट्स पण ऑनलाइन आहेत पण जुनी सगळी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, एक उतारा शोधायला संध्याकाळ जाते, त्या मानाने हे फारच सोपं.

त्रास म्हणाल तर शब्द माहीत असेल तरच सापडतं. "माझे आईवडील इथे आले तेव्हा" असं टाकलं तर शेकडो निकाल येतात आणि त्यातले बरेचसे नव्या खासदारांच्या पहिल्या भाषणातले. दुसरं म्हणजे रेकॉर्ड शब्दशः असला तरी किंचित साफ केलेला असतो, पुनरुक्ती काढतात, चुका नीट करतात, त्यामुळे आवाज कापला, कुणी थांबलं, ते कळत नाही. गोंधळ झाला की कंसात फक्त व्यत्यय आला एवढंच येतं, कोण काय ओरडलं ते नाही. त्यासाठी पार्लमेंट लाइव्ह टीव्हीवर व्हिडिओ बघावा लागतो, तोही फुकट आहे, तारीख टाकून सापडतो. फोनवर लांब चर्चा वाचताना स्क्रोल करून करून बोट दुखतं, लॅपटॉपवरच वाचा.

आणि एक गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगते, साइट सांगत नाही. सभागृहात बोललेल्या शब्दांवर कोर्टात खटला होत नाही, 1689 च्या बिल ऑफ राइट्सपासूनचं संरक्षण आहे, आणि समोरच्या खासदाराला खोटारडा म्हणायला सभागृहाचे नियम परवानगी देत नाहीत. म्हणजे तिथे सांगितलेली घरची गोष्ट तपासायचं काम तिथे कुणी करत नाही, ते वाचणाऱ्यानेच करायचं.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क सर्चचा कापला. सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबर 2025 चं महमूद यांचं पान आणि एप्रिल 2018 चं लॅमींचं पान दोन टॅबमध्ये शेजारी शेजारी उघडा, आणि दोन्हीकडे आधी वरचा प्रश्न वाचा, मग उत्तर.