आधी माणसं, आधी नाव की आधी लिंक?

‘नवीन ग्रुप’ हे बटण दाबल्यावर ॲपने पहिल्यांदा काय विचारावं, एवढ्या एका गोष्टीवर तो ग्रुप पुढे चालणार की आठवड्यात थंड पडणार हे बरंचसं ठरतं. शेतकरी उत्पादक कंपनी, क्लास किंवा पतसंस्थेसाठी ॲप करायला घेतलं की इथे सहसा व्हॉट्सॲपची नक्कल होते. काम देणाराही तेच म्हणतो, “व्हॉट्सॲपसारखं करा की.” पण ही सोय नव्याने मांडायची असेल तर तुमच्यापुढे रस्ते तीन आहेत, आणि तिन्ही आज कुठे ना कुठे वापरात आहेत. आपल्या मराठवाड्यात कुठला कशाला चालेल, ते बघू.

आधी माणसं

व्हॉट्सॲप, सिग्नल आणि टेलिग्रामचा साधा ग्रुप, तिघांची चाल जवळपास एकच. फोनबुकातली माणसं निवडा, मग नाव द्या. घरच्या कामाला यापेक्षा सोपं काही नाही. भाचीचं लग्न ठरलं, आठ-दहा जण निवडले, ‘बस्ता’ नाव टाकलं, झालं. 2023 मध्ये व्हॉट्सॲपने सहा जणांपर्यंतच्या ग्रुपला नाव देण्याचीही सक्ती काढून टाकली. घाईतला माणूस नावापाशीच अडतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

हीच रीत ऊसतोडीच्या टोळीला लावून बघा. बीड जिल्ह्यातला मुकादम दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी बांधतो. टोळीत मोजणी कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, आणि जोडीत फोन पुष्कळदा एकच. तो नंबर कधी नवऱ्याचा, कधी गावी आजीजवळ राहिलेल्या पोराचा. मुकादमाच्या फोनात ‘बाळू’, ‘बाळू नवीन’ आणि ‘बाळू जिओ’ असे तीन बाळू, त्यातले दोन नंबर बंद. काही नावं देवनागरीत, काही रोमनमध्ये, त्यामुळे ‘आप्पा’ म्हणून शोधलं तर निम्मे आप्पा यादीत येतच नाहीत. त्याला माणसं माहीत आहेत, नावानिशी, गावानिशी. फोनबुकाला माहीत नाहीत. एक नंबर म्हणजे एक माणूस हे ॲपचं गृहीतकच इथे लागू होत नाही.

दुसरी अडचण न विचारता आत ओढण्याची. “मला कोण घेतलं ओ ह्या ग्रुपात?” हा पहिला मेसेज ज्या ग्रुपात पडतो, तिथे लेफ्ट होणाऱ्यांची रांगही लागते. 2019 मध्ये व्हॉट्सॲपने ‘मला कोण ॲड करू शकेल’ ही सेटिंग आणली. ॲड होत नसेल तर त्या माणसाला खासगी आमंत्रण जातं आणि ते तीन दिवसांत रद्द होतं. तीन दिवस ही मुदत शहरातल्या माणसाच्या हिशेबाने ठीक आहे. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्याचा फोन त्या तीन दिवसांत चार्ज होईल, रिचार्जही असेल आणि तो आमंत्रण उघडेल, हे जरा जास्तच झालं. सिग्नलमध्ये आमंत्रण न स्वीकारलेली माणसं यादीत वेगळी, वाट बघत थांबलेली दिसतात. नक्कल करायचीच तर याची करा.

आधी नाव

टेलिग्रामचं चॅनल (एकाने सांगायचं, बाकीच्यांनी वाचायचं), व्हॉट्सॲपची कम्युनिटी (एका छताखाली अनेक ग्रुप) आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपमधला सर्व्हर, म्हणजे तिथला मोठा ग्रुप, इथे आधी नाव मागतात, माणसं नंतर. फायदा असा की ग्रुप कशासाठी आहे हे पहिल्याच पायरीला लिहून होतं. ‘नीट’च्या तयारीला लातूरला येणारी पोरं नोट्स आणि सराव पेपरची चॅनल्स शोधत असतात. त्यांना नाव आणि त्याखालची माहिती हाच आधार असतो.

तोटा म्हणजे रिकामी चौकट. समोर चौकट आणि खाली कीबोर्ड आला की लोक सुचेल ते टाकतात, आणि सुचतं सगळ्यांना तेच. एकाच फोनात ‘मित्र मंडळ’ नावाचे चार ग्रुप, फरक फक्त फोटोतल्या झेंड्याचा. त्यात देवनागरीचा वेगळाच घोळ. ‘सोयाबीन’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, काना-मात्रा-वेलांटी सुट्या धरल्या तर तो सात भरतो. व्हॉट्सॲपची नावाची मर्यादा पूर्वी 25 होती, आता 100 आहे. तुमच्या प्रोग्रामरने सहज म्हणून 25 ठेवली आणि मोजणी अशी सुटी केली, तर ‘सोयाबीन उत्पादक शेतकरी गट’ इथेच पंचवीस संपतात. पुढचं ‘औसा’ बाहेर. आणि गावाचं नाव हीच तर ग्रुपची ओळख! मोजणी दिसणाऱ्या अक्षरांची करा, मर्यादा सैल ठेवा.

आधी लिंक

तिसऱ्या रस्त्यात ग्रुप रिकामा जन्माला येतो. त्याची लिंक आणि क्यूआर तयार होतो, माणसं आपापली येतात. बिल गेट्सला न ओळखणारा चहावालाही आज क्यूआर ओळखतो, त्यामुळे हे शिकवायला लागत नाही. वसमतकडच्या एखाद्या हळद खरेदी केंद्रावर काट्याशेजारी कागद चिकटवला, तर माल घेऊन आलेला शेतकरी वजन होईपर्यंत स्वतःच आत आलेला असेल. कुणाचा नंबर सेव्ह करायला नको. आणि तो स्वतःहून आलेला असल्यामुळे ‘मला कोण घेतलं’ हा प्रश्नच नाही.

पण दार उघडं म्हटलं की कुणीही येतो. पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या बनावट एपीके फाइली, म्हणजे दाबल्या की फोनात ॲप बसवणाऱ्या फाइली, अशाच मोठ्या, अनोळखी ग्रुपांतून पसरतात. म्हणून या रस्त्याला तीन गोष्टी मुळातच चालू असाव्यात, सेटिंगमध्ये शोधायला लावू नयेत. अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही. व्हॉट्सॲपने ही सोय 2023 मध्ये दिली, टेलिग्राम आणि सिग्नलमध्येही आहे. फाइल पाठवण्याचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला. आणि नंबर झाकलेला.

नंबराचं जरा थांबून बोलायला हवं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपात तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. महिला बचत गटाच्या प्रभाग पातळीवरच्या ग्रुपात बायका वीस गावांच्या असतात, शिवाय कुणाचा फोन घरातला दुसराच कुणी बघत असतो. तिथे रात्री अनोळखी ‘हाय’ आला की ती बाई गुपचूप बाहेर पडते आणि कर्जाच्या हप्त्याची सूचनाही तिला मिळेनाशी होते. टेलिग्राममध्ये नंबर लपवून युजरनेमवर राहता येतं. सिग्नलने 2024 पासून नंबर आपोआप झाकायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतही सूचनांच्या ग्रुपात इतर सदस्यांना नंबर दिसत नाही. बचत गटासाठी ॲप करत असाल तर बाकी काही जमो न जमो, हे सोडू नका.

किती माणसं मावतात हा मुद्दा लोक उगाच पहिला काढतात. व्हॉट्सॲपमध्ये 1,024, सिग्नलमध्ये 1,000, टेलिग्राममध्ये दोन लाख. गावाला पहिले दोन पुरतात. तालुक्याला ग्रुप नकोच, चॅनल हवं. टेलिग्रामच्या ग्रुपांना मात्र टोकापासून टोकापर्यंतचं कूटलेखन, म्हणजे बोलणाऱ्या-वाचणाऱ्यांशिवाय कंपनीलाही मेसेज वाचता न येण्याची सोय, नाही, ते व्हॉट्सॲप आणि सिग्नललाच आहे. पैशाच्या व्यवहाराचं बोलणं होणार असेल तर हे वजनात धरा.

कोण बोलणार

हे मात्र तिन्ही रस्त्यांवर ग्रुप बनतानाच विचारलं पाहिजे आणि बहुतेक ॲप्स ते मागे ढकलतात. लातूरच्या यार्डात सौदा कितीला निघाला हे कुणीतरी टाकतो, त्यावर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ची रास पडते, आणि ज्याला तूर न्यायची की ठेवायची हे ठरवायचंय तो बोटाने वर सरकवत बसतो. भाव, नोटीस, हप्ता असलं काही असेल तर बोलणं अ‍ॅडमिनपुरतं आणि बाकीच्यांना प्रश्न विचारायला वेगळी जागा. उशिरा आलेल्याला जुनी सूचना दिसावी की नाही, हा पर्याय टेलिग्राम देतो. भावाच्या ग्रुपात तो चालूच ठेवा.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात ते पोलिसांच्या भीतीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. हे एका ओळीत, सोप्या मराठीत, अ‍ॅडमिन करतानाच दाखवा.

मग घ्यायचं काय? पहिल्या स्क्रीनवर फोनबुकही नको, नावाची चौकटही नको. दोन मोठी बटणं: ‘ओळखीची माणसं’ आणि ‘लोक स्वतः येतील’. पहिल्यावरून फोनबुकाकडे, दुसऱ्यावरून लिंककडे. नाव दोन्हीकडे शेवटी, आणि तेही गाव व काम विचारून ॲपनेच सुचवलेलं. एक टॅप वाढला म्हणून कुणीतरी कुरकुर करेलच. करू द्या, पुढचे गैरसमज वाचतात. डिस्कॉर्डही सर्व्हर बनवताना मित्रांसाठी की क्लबसाठी असं विचारतंच. बजेट एकाच रस्त्याचं असेल तर लिंकवाला आधी बांधा, कारण त्यात ओळखीची माणसं हाताने घालता येतात. फोनबुकाच्या रस्त्याने अनोळखी माणूस आत आणता येत नाही.

आणि ‘तयार’ बटणाच्या आधी दुसरा अ‍ॅडमिन मागा. मुकादमाचा फोन उसात पडला तर टोळीचा ग्रुप त्याच दिवशी बेवारस होतो.